मागच्या तळावर

पुणतांबा,
ता. २ नोव्हेंबर १९७१

चि. गहिनीनाथ यास राहीआक्काचा आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते हाय आनि लंका लिहिती हाय. "आत्याबाई, शुद्ध करून लिहू का?" म्हनून इचारीत हुती. मी म्हनलं, जसं सांगते तसंच लिही, न्हाईतर माझ्या भावाला वाटंल कुन्या दुसऱ्याच बाईचं पत्र आलं.

औंदा पाऊस कमीच. पाटाला एक पाळी आली, दुसरीचा भरवसा न्हाई. आप्पासाहेब मास्तर रोज सांजच्याला पारावर पेपर वाचून दाखवत्यात. त्यात लढाईबिगर दुसरं काय नसतं. मच्छिंद्राचं लगीन होऊन सहा म्हयनं झालं. त्यातलं एकवीस दिस तो घरी ऱ्हायला. लंकाला हे लिहायची लाज वाटती, पन मी लिहायला लावलं.

गहिनी, मी आजवर तुझ्याकडं काय मागितलं न्हाई. त्याचं वडील साप चावून गेलं तवा तूच म्हनलास, आक्का, हे पोरगं आता माझं. तुला मूल न्हाई, मला दुसरं न्हाई. तू त्याला शिकवलंस, आपल्यासारखं इमानात बसवलंस, मी आडवी आले न्हाई. तू बर्माच्या लढाईत इमान घेऊन गेल्तास तवाचे दिस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आता तू मोठा झालास. गावात तुला समदे 'इमानातला जनरल' म्हनत्यात. मास्तर सांगत्यात, तुझ्या एका शब्दावर कोन कुठं जायचं ते ठरतं.

तर त्याला मागं ठेव. नोकरी सोड म्हनत न्हाई. जिथं नव्या पोरांना शिकवत्यात तिथं ठेव, म्होरं नको. त्याला कळू देऊ नको, राग यील त्याला.

एवढं कर.

राहीआक्का


दिल्ली,
ता. १२ नोव्हेंबर १९७१

ती. राहीआक्कास गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. लंकानं तुझं बोलणं असं उतरवलंय की तू चुलीपाशी बसून बोलते आहेस असंच वाटलं.

तुझं काम झालं आहे. मच्छिंद्रच्या तळाचे प्रमुख माझ्या ओळखीचे आहेत. परवा त्यांच्याशी फोनवर बोललो. तो मागच्या तळावर आहे आणि तिथंच राहील. यापेक्षा जास्त पत्रात लिहायला आम्हाला परवानगी नसते. त्याला काही कळणार नाही.

तू निर्धास्त राहा. जेवणाची हेळसांड करू नकोस. लंकाला आशीर्वाद.

तुझा,
गहिनी


पुणतांबा,
ता. २३ डिसेंबर १९७१

चि. गहिनीस आशीर्वाद.

परवा तार आली. पोस्टमन भिमाजी सायकल हातानं ढकलीत आला. मास्तरांनी तार वाचली. मच्छिंद्र आठ तारखेला इमान घेऊन गेला, माघारी आला न्हाई, बेपत्ता हाय, असं तारेत हाय.

गहिनी, मागच्या तळावरून मानूस बेपत्ता कसा हुतो?

मला एवढंच इचारायचं हाय.

राहीआक्का

ता. क. मामासाहेब, तार आल्यापासून आत्याबाई जेवल्या नाहीत. दोन्ही वेळा ताटावर बसतात आणि उठतात. कृपा करून लवकर उत्तर पाठवा. सौ. लंका


दिल्ली,
ता. ३ जानेवारी १९७२

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. इथं दिवस कसा उगवतो आणि मावळतो ते कळत नाही.

लढाई पेटली की कुठला तळ मागचा आणि कुठला पुढचा हे राहत नाही. ऐनवेळी माणसं हलवावी लागतात. तसं झालं.

पण 'बेपत्ता' या शब्दाचा अर्थ नीट समजून घे. तो परत आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. विमानातून छत्रीनं उडी मारता येते. आमचे बरेच वैमानिक पलीकडे कैदेत आहेत आणि सगळ्यांची नावं अजून आलेली नाहीत. तेव्हा तू जेव.

या महिनाअखेर मी निवृत्त होतो आहे. मुंबईहून पक्षाची माणसं दोनदा येऊन गेली. विधानसभेला आपल्या भागातून उभं राहा म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. सगळं आयुष्य आकाशात काढलं, आता जमिनीवरच्या माणसांसाठी काही करावं असंही वाटतं. आलो की बोलू.

गहिनी


पुणतांबा,
ता. २० मार्च १९७२

चि. गहिनीस आशीर्वाद.

तू आमदार झालास. गावात गुलाल अजून जागजागी हाय. आपल्या गावानं तुला पोतं भरून मतं दिली. ती तुझ्या मेडलांना न्हाई दिली, मी तुला सांगते. ती तुझ्या त्या दिसाच्या बोलन्याला दिली. चांगदेवाच्या पटांगनात तू हात वर करून म्हनलास, "माझा मच्छिंद्र जिवंत आहे, आणि मी स्वतः त्याला या गावात घेऊन येईन," तवा बाया पदराला डोळं पुशीत हुत्या. किती येळ टाळ्या वाजत हुत्या! मी त्या दिसापास्नं जेवायला लागले. तू समद्यांसमोर बोललास म्हंजे तुला काय तरी ठाऊक असनार, जे पत्रात लिहिता येत न्हाई. मी कुनाला बोलत न्हाई.

लंकाचं वडील राजूरहून आल्ते. चार दिस पोरीला घेऊन जातो म्हनलं. मी न्हाई पाठवली. तो आला आनि ही घरात नसली तर काय म्हनंल?

राहीआक्का


पुणतांबा,
ता. २२ मार्च १९७२

ती. मामासाहेबांस लंकाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. आत्याबाईंना ठाऊक नाही.

ह्यांच्या विमानाची देखभाल करणारा सहादेव म्हणून एक जण होता, पाथर्डीकडचा. लग्नाला आला होता. त्याचं मला पत्र आलं. पत्रात सांत्वनाचं काही नाही, खुशाली विचारली आहे. पण त्यानं लिहिलंय, "मच्छिंद्रसाहेब विमानात चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. फार मनमिळाऊ होते." मामासाहेब, 'होते' असं का लिहिलं? आत्याबाईंना वाचून दाखवताना मी 'आहेत' असं वाचलं.

मी मॅट्रिक झाले आहे. संगमनेरला शिक्षिकेच्या शिक्षणाला जूनमध्ये प्रवेश मिळू शकतो. लग्नाआधीच ठरलं होतं, हेही हो म्हणाले होते. पण घरात तो विषय काढायची सोय नाही. ते येणार असतील तर मी जन्मभर वाट बघेन. मला फक्त खरं काय ते सांगा.

सौ. लंका


आमदार निवास, मुंबई,
ता. ९ एप्रिल १९७२

चि. सौ. लंकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सहादेवला मी ओळखतो. भला माणूस आहे, पण त्याचं मराठी कच्चं आहे. बरीच वर्षं पंजाबात काढली की असं होतं. एका शब्दावरून मनात काही आणू नकोस.

कैद्यांच्या अदलाबदलीची बोलणी चालू आहेत. वेळ लागेल. संगमनेरचं मच्छिंद्र आल्यावर त्यालाच विचारून ठरवू. तोवर आक्काला जप. तिला तुझ्याशिवाय कुणी नाही. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

गहिनीनाथ


पुणतांबा,
ता. १४ नोव्हेंबर १९७२

चि. गहिनीस आशीर्वाद.

औंदा नदीनं तळ दाखवला. आपल्या हिरीत हंडा बुडंना. बाया समद्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात्यात, मीबी जाते, लंकाबी येती. रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन पोट बिघडतं, पन मिळती तेच लई. तू कलेक्टरला सांगून आपल्या गावाजवळ काम काढलंस, त्याबद्दल बाया तुझं नाव घेत्यात.

मास्तरांनी पेपरात वाचलं, कैदी सोडनार हायेत म्हनून. ऐकल्याबरुबर मी भित सारवून घेतली. पानी न्हवतं तर शेजारच्या कडूबाईनं आपल्या वाट्याचा हंडा दिला.

गहिनी, मला घेऊन चल. मी कदी काय मागितलं न्हाई असं मागल्या टायमाला म्हनले हुते, आता दुसऱ्यांदा मागते. तिकडं लांब उभी ऱ्हाईन, कुनाला तरास देनार न्हाई. तो यील तवा पयलं तोंड त्याला माझं दिसावं, एवढंच.

राहीआक्का


मुंबई,
ता. २१ नोव्हेंबर १९७२

ती. आक्का,

तिकडे फार थंडी आहे आणि गर्दी फार होणार आहे. तुला झेपणार नाही. तू येऊ नकोस. मी जातो.

गहिनी


मुंबई,
ता. १२ डिसेंबर १९७२

चि. लंका,

पाकिटावर आक्काचं नाव असलं तरी हे पत्र आधी तुझ्याच हातात पडणार. एकटी असशील तेव्हा वाच. मग आक्काला वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस आणि बदलू नकोस. तुला हे करायला सांगतो आहे, याहून मोठं पाप माझ्या हातून एकच झालं आहे, ते खाली लिहितो.

आक्का,

मच्छिंद्र सुटून आलेल्यांत नव्हता. तो येणार नाही हे मला गेल्या वर्षीच्या नऊ डिसेंबरपासून ठाऊक आहे.

आठ तारखेला सकाळी दोन विमानं पलीकडचा एक पूल तोडायला गेली होती. मच्छिंद्रच्या विमानाला तोफेचा मार बसला. दुसऱ्या विमानातल्या मुलानं वळून दोन घिरट्या घातल्या. मच्छिंद्रचं विमान वाळूच्या टेकाडावर आदळून पेटलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. छत्री उघडलेली दिसली नाही. तो अहवाल दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आला. देह पलीकडच्या हद्दीत राहिला म्हणून कागदावर 'बेपत्ता' लिहितात. मी त्या शब्दामागे लपलो.

आता दुसरं. तुझं मागच्या वर्षीचं पत्र आलं, त्यानंतर मी खरोखरच तळप्रमुखांना फोन केला होता. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "शिकाऊ मुलांच्या शाळेत एक जागा रिकामी आहे, तुमच्या भाच्याला पाठवू का?" तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "नको. माझा भाचा म्हणून काही करू नका." माझ्या मनात आलं, उद्या लोक म्हणतील, बर्मात लढलेल्या माणसानं आपलं पोरगं मागं लपवलं. त्या जागेवर दुसरा मुलगा गेला. तो आज जिवंत आहे. फोन ठेवला आणि दोन दिवसांनी तुला लिहिलं, तुझं काम झालं म्हणून.

ड्यूटी म्हणून मी हे केलं असं आजवर स्वतःला सांगत आलो. ती ड्यूटी असती तर तुला खोटं लिहावं लागलं नसतं.

सभेत मी जे बोललो ते बोलायला मला पक्षानं सांगितलं नव्हतं. तू समोर बसली होतीस, माझ्याकडे बघत होतीस, आणि ते तोंडातून निघून गेलं. टाळ्या पडल्या. पुढच्या गावात तू नव्हतीस. तिथं मी ते ठरवून बोललो.

वाघा सीमेवर माझ्या शेजारी एक म्हातारा शीख उभा होता. नातवाला 'तुझा बाप येणार' म्हणून सांगून घरून निघालेला. शेवटचा माणूस पार झाला, फाटक लागलं, तरी तो हलेना. माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, अजून येणार आहेत ना? मी ताबडतोब 'हो' म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उजळला. तेव्हा मला माझी भीती वाटली, आक्का. मला याची सवय लागली आहे.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

गहिनीनाथ


पुणतांबा,
ता. २८ डिसेंबर १९७२

ती. मामासाहेबांस नमस्कार.

तुमचं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. मग तीन दिवस माझ्या ट्रंकेत ठेवलं. तीन दिवस आत्याबाई रोज विचारत होत्या, गहिनीचं काय आलं का? मी नाही म्हणत होते. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मीही तुमच्यासारखंच करते आहे. म्हणून कामावरून आल्यावर हातपाय धुतले आणि त्यांना समोर बसवून वाचलं. एक शब्द गाळला नाही.

त्या म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. फोनचा भाग आला तिथं हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, तेवढंच परत. तेवढंच मी पाच वेळा वाचलं. मग त्या उठल्या, गोठ्यात गेल्या, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कडूबाई धावत आली तेव्हा तिला म्हणाल्या, "माझा मच्छिंद्र गेला गं, वरीस झालं." मग मात्र त्यांना आम्हा दोघींना धरवेना.

माझ्याबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं, तरी लिहिते. मी मार्चात तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती. सहादेवचं मराठी कच्चं नव्हतं, मामासाहेब. मी वर्षभर सकाळी आरशासमोर उभी राहून कुंकू लावलं, ते कुणासाठी? मला त्यांच्यासाठी रडायचे दिवससुद्धा मिळाले नाहीत. आता रडते तर बायका म्हणतात, एवढ्या उशिरा का?

आत्याबाईंचा निरोप असा आहे, त्यांच्याच शब्दांत: "त्याला लिही, जिथं बोलला तिथं येऊन सांग. तेवढ्याच मानसांसमोर सांग."

लंका


मुंबई,
ता. ५ जानेवारी १९७३

चि. लंका,

आक्काला सांग, चौदा तारखेच्या गाडीनं येतो. पंधराला सकाळी पटांगणात. पक्षाला कळवलेलं नाही. स्टेशनवर कुणाला पाठवू नका, चालत येईन.



गहिनीनाथ


पुणतांबा,
ता. ११ जून १९७३

गहिनीस, राहीआक्काकडून.

तू येऊन गेलास त्याला पाच म्हयनं झालं. तुझी तीन पत्रं आली, लंकानं तिन्ही वाचून दाखवली. आज उत्तर देते, कारन परवा लंका संगमनेरला शिकायला चालली, मग लिहायला घरात कुनी ऱ्हानार न्हाई.

त्या दिशी तू हातात कागद न घेता बोललास. फोनचं सांगितलंस, त्या सरदारजी म्हाताऱ्याचं सांगितलंस, समदं सांगितलंस. मी म्होरंच मातीत बसले हुते. बाया कामावरून तशाच आल्त्या, अंगावर खडीची धूळ. कुनी ओरडलं न्हाई, कुनी उठून गेलं न्हाई. मग तू म्हनलास, मी आमदारकी सोडतो. आनि टाळ्या पडल्या. गहिनी, तवाबी टाळ्याच पडल्या. मी तुझ्या तोंडाकडं बघत हुते. तुला त्या सोसवंनात, एवढं मला दिसलं.

राजीनाम्याचं मला पटलं न्हाई. मी तुला खरं सांगायला बोलवलं हुतं, पळून जायला न्हाई. मार्चात कडूबाईच्या पायावर धोंडा पडला, दोन बोटं गेली. तिला घेऊन आमी दोघी तालुक्याला तीन खेपा केल्या, कुनी दाद दिली न्हाई. साहेब म्हनला, तुमच्या आमदाराकडं जा. बाया माझ्याकडं बघाय लागल्या. मी काय सांगनार? लोकांनी तुला निवडून दिलं ते खोट्यावर दिलं, व्हय. पन निवडून दिलं ना? मग त्यांचं काम करायचं हुतंस, मान खाली घालून का हुईना.

मच्छिंद्राचं आमी फेब्रुवारीत केलं. नदीला पानी न्हवतं. वाळूत झिरा खनला, हातभर खोल गेल्यावर वंजळभर पानी आलं. अस्थी न्हवत्या, म्हनून गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला. मानसाएवढा न्हवता तो, लहान पोराएवढा हुता. गुरुजी म्हनले, त्याच्या मामाला बोलवायचं का? मी न्हाई म्हनलं. लंकानं माझ्याकडं बघितलं.

लंकाच्या वडलांना मी बोलवून घेतलं. त्यांना म्हनलं, हिला शिकवा, आनि पुढं कुनी चांगला मानूस मिळाला तर हिचं लगीन लावा, माझ्याकडं बघू नका. हे वाक्य लिहायला ती तयार न्हवती. मी म्हनलं, लिही. आता लिहिताना रडती हाय, अक्षर फिसकाटलं असंल तर समजून घे.

आता त्या दिसाचं राहिलेलं एक सांगते. सभा झाल्यावर तू घरी आलास. चपला काढल्यास आनि दारात उभा ऱ्हायलास. मी आत हुते. मला 'ये' म्हनायचं हुतं, गहिनी. खरंच म्हनायचं हुतं. तोंडातून शब्द निघंना. लंकानं तांब्या दिला, तू उभ्यानंच पानी प्यालास, चपला पायात घातल्यास आनि स्टेशनाकडं गेलास. मी दाराआडून तुला वळनापातूर बघितलं. पाठीत वाकलास तू. त्या दिशी मी तुझ्यासाठी रडले. मच्छिंद्रासाठी रडते ते येगळं.

माझ्या आयुष्यात काय बी झालं, तरी ते मी आधी तुला कळवायची. माझं मानूस गेलं तवाबी पयलं पत्र तुलाच टाकलं. आता पोरगं गेलं आनि ते ज्याच्यापाशी बोलून रडावं असा माझा एकच मानूस, तो तू. आनि तुझ्यापाशीच बोलता येत न्हाई. ह्याला काय करावं ते मला कळत न्हाई. तुला कळत असंल असंबी न्हाई.

तू पत्र टाकीत जा. लंका सुट्टीला आली की वाचून दाखवंल. मी उत्तर दीनच असं सांगत न्हाई. पन ऐकीन.

राहीआक्का